तळघरातून रंगमंचाकडे : गाएतानो दोनिझेत्ती

कलावंताचे आयुष्य आणि त्याची कला यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. ज्याने जगाला पोट धरून हसवले, त्याच्या स्वतःच्या घरात मात्र एकामागून एक दिवे विझत गेले, अशी उदाहरणे सर्वच देशांत सापडतात. इटलीचा थोर संगीतकार गाएतानो दोनिझेत्ती हे त्यातलेच एक. आपल्याकडे पाश्चात्य संगीताची आवड असणाऱ्यांनाच हे नाव ठाऊक असते, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याची थोडी ओळख.

इटलीच्या उत्तरेला, मिलानपासून जवळच, बेर्गामो नावाचे शहर आहे. टेकडीवर तटबंदीतले जुने शहर आणि खाली सपाटीवर नवे. या तटबंदीच्या बाहेर, बोर्गो कानाले या गरीब वस्तीतल्या एका तळघरात २९ नोव्हेंबर १७९७ रोजी गाएतानोचा जन्म झाला. उजेड न पोहोचणाऱ्या त्या खोल्यांत सहा भावंडांचा संसार. वडील पुढे गावच्या गहाणवट पेढीत रखवालदार झाले. घरात संगीताची परंपरा नाही, शिक्षणाला पैसा नाही.

पण नशिबाने गुरू भेटला. जोव्हान्नी सिमोने मायर हा मूळचा बव्हेरियाचा जर्मन. तो बेर्गामोच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये संगीतप्रमुख होता आणि या परक्या गावालाच त्याने आपले मानले होते. गरीब मुलांसाठी त्याने विनामूल्य संगीतशाळा काढली. १८०६ मध्ये लहानगा गाएतानो तिथे दाखल झाला. त्याचा गळा काही खास नव्हता आणि शाळा तर चर्चला गायक पुरवण्यासाठी होती. नियमावर बोट ठेवले असते तर मुलगा घरी गेला असता. मायरने त्याची बुद्धी हेरली, त्याला शाळेत टिकवले आणि १८१५ मध्ये खटपट करून पुढील शिक्षणासाठी बोलोन्याला पाठवले. पुढे लष्करी सेवेची वेळ आली, तेव्हा गावातल्याच एका श्रीमंत बाईंनी पैसे भरून त्याची सुटका केली. गावाचे हे ऋण तो कधी विसरला नाही.

ऑपेरा म्हणजे मुख्यतः गाऊन सादर केलेले नाटक. त्या काळच्या इटालियन शैलीला बेल कांतो, म्हणजे सुंदर गायन, असे म्हणतात. यात गायकाचा श्वास, लांबलचक ओढलेले स्वर आणि तानांची चपळाई यांना महत्त्व. आधी संथ, भावपूर्ण भाग आणि मागून जलद, दाणेदार भाग अशी बहुतेक गाण्यांची रचना असते. आपल्या विलंबित-द्रुताची सवय असलेल्या कानाला हा क्रम परका वाटत नाही! रोस्सिनी, बेल्लिनी आणि दोनिझेत्ती हे या शैलीचे तीन आधारस्तंभ.

दोनिझेत्तीचा पहिला ऑपेरा १८१८ मध्ये व्हेनिसला रंगमंचावर आला. १८२२ मध्ये रोममध्ये नाव झाले आणि मग नेपल्स ही त्याची कर्मभूमी ठरली. नाट्यगृहांचे ठेकेदार मुदतीवर काम मागत आणि हा भराभर लिहून देई. आयुष्यात त्याने जवळपास सत्तर ऑपेरा रचले. डिसेंबर १८३० मध्ये मिलानला ‘आन्ना बोलेना’ गाजला आणि तो पहिल्या रांगेत जाऊन बसला. १८३२ मध्ये ‘लेलिसिर दामोरे’ आला. खेड्यातला एक भोळा तरुण, त्याला प्रेमाचे औषध म्हणून साधी दारू विकणारा भोंदू वैद्य, अशी ही खुसखुशीत कथा. त्यातच शेवटाकडे नायकाचे एक हळवे गाणे येते, बसून या वाद्याच्या सुरांनी सुरू होणारे. हसता हसता डोळ्यांत पाणी आणण्याची ही हातोटी त्याचीच.

सप्टेंबर १८३५ मध्ये नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात ‘लुचिया दि लाम्मेरमूर’ झाला. वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीवरचा हा ऑपेरा. भावाने फसवून लग्न लावलेली लुचिया पहिल्याच रात्री नवऱ्याला ठार करते आणि भ्रमिष्ट अवस्थेत गात राहते. हा प्रवेश आजही मोठमोठ्या गायिकांची कसोटी पाहतो. त्याच्या तीनच दिवस आधी बेल्लिनी अवघ्या ३३ व्या वर्षी पॅरिसजवळ वारला होता. रोस्सिनीने १८२९ नंतर ऑपेरा लिहिणे सोडले होते. आता सारा भार दोनिझेत्तीवर आला.

आणि नेमक्या याच वेळी घर कोसळू लागले. काही महिन्यांत वडील गेले, मग आई गेली. १८२८ मध्ये त्याने रोमच्या व्हिर्जिनिया व्हास्सेल्लीशी विवाह केला होता. त्यांची तिन्ही अपत्ये जन्मतः किंवा थोड्याच दिवसांत दगावली. ३० जुलै १८३७ रोजी व्हिर्जिनियाही गेली. चाळिशीच्या आतच हा माणूस एकटा पडला. त्याने पुन्हा लग्न केले नाही. पण ठरलेले काम पूर्ण करून त्याच वर्षी ‘रोबेर्तो देव्हरो’ रंगमंचावर आणला. पुढे पॅरिसला जाऊन १८४० मध्ये ‘ला फीय द्यु रेजिमाँ’ आणि १८४३ मध्ये ‘दोन पास्क्वाले’ असे दोन धमाल विनोदी ऑपेरा दिले. पहिल्यातल्या एका गाण्यात नायकाला वरचा सा नऊ वेळा लावावा लागतो. पाव्हारोत्ती यांची कीर्ती या गाण्यानेही वाढली.

स्वभावाने तो उदार होता. व्हेर्दी हा तरुण प्रतिस्पर्धी पुढे येत असताना त्याचा ‘नाबुक्को’ १८४३ मध्ये व्हिएन्नात स्वतः दोनिझेत्तीने उभा केला. असूया हा शब्द त्याच्या कोशात नसावा.

शेवट मात्र फार वाईट झाला. उपदंशाचा आजार मेंदूपर्यंत पोहोचला. १८४६ मध्ये, व्हिएन्नाला जायचे आहे असे सांगून त्याला पॅरिसजवळच्या इव्ह्रीच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. सुमारे दीड वर्ष तो तिथे अडकला. त्याचा थोरला भाऊ जुझेप्पे हा इस्तंबूलला तुर्की सुलतानाच्या पदरी लष्करी संगीताचा प्रमुख होता. त्याचा मुलगा आंद्रेआ तेवढ्या दुरून आला, पोलिसांशी झगडला आणि ऑक्टोबर १८४७ मध्ये काकाला बेर्गामोला घेऊन गेला. वाचा गेलेली, ओळख हरपलेली. एका सरदार घराण्यातील स्त्रीने त्याला आपल्या घरी ठेवून शुश्रूषा केली. ८ एप्रिल १८४८ रोजी तो निवर्तला. १८७५ मध्ये त्याच्या आणि गुरू मायरच्या अस्थी सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये नेण्यात आल्या. ज्या चर्चमुळे त्याचे शिक्षण झाले, तिथेच गुरुशिष्य विसावले.

मृत्यूनंतर त्याचे बहुतेक ऑपेरा विस्मृतीत गेले. १९५७ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात मारिया काल्लास यांनी ‘आन्ना बोलेना’ गायला आणि जगाचे लक्ष पुन्हा वळले. बेर्गामोने तर आपल्या पुत्रासाठी वार्षिक महोत्सवच उभारला. दोनशे वर्षे पूर्ण झालेला एखादा ऑपेरा दरवर्षी करायचा, असा उपक्रमही तिथे सुरू झाला. २०१८ मध्ये त्याचा १८१८ चा पहिला ऑपेरा पुन्हा उभा राहिला. २०१९ मध्ये ‘लांज द निझिदा’ रंगमंचावर आला. पॅरिसची नाटक कंपनी बुडाल्यामुळे हा ऑपेरा त्याच्या हयातीत कधी झालाच नव्हता. दोनिझेत्ती नाट्यगृहाची तेव्हा दुरुस्ती चालू होती, तरी प्रयोग तिथेच झाला. अशा प्रयोगांची ध्वनिचित्रमुद्रणे निघाली. त्यामुळे पूर्वी अभ्यासकांनाच ठाऊक असलेल्या रचना घरबसल्या पाहता येतात.

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाने बेर्गामोत हाहाकार माजवला. शवपेट्या वाहून नेणारे लष्करी ट्रक सर्व जगाने पाहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात महोत्सव झाला. प्रेक्षागृहात श्रोता नाही, तरी वादक आले, गायक गायले आणि प्रयोग घरोघरी पोहोचवले गेले. दुःखात काम न थांबवण्याचा धडा त्या गावाला आपल्याच पुत्राने दिला होता, असेच म्हणावे लागेल.

परमुलखात नाव कमावलेल्या माणसाला शेवटी गावाने उचलून घेतले, आणि त्या गावाच्या कठीण काळात त्याचे संगीत सोबतीला आले. पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या आपल्यासारख्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. मायरसारखे परगावाला आपले मानणारे आणि आंद्रेआसारखे आपल्या माणसासाठी धावून येणारे, दोन्ही प्रकारचे लोक समाजाला हवेत. त्या सर्वांच्या आणि गाएतानो दोनिझेत्तीच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.