साठ वर्षांचं जर्नल

एसएचएम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? स्टँडला टांगलेली स्प्रिंग, तिच्या टोकाला वजन, हातात स्टॉपवॉच आणि वीस हेलकावे मोजणारा पार्टनर. टू पाय रूट एम बाय के हे सूत्र तर झोपेतून उठवून विचारलं तरी आपण सांगू! पण अशाच हेलकाव्यांच्या नोंदी सांभाळण्यात एका माणसाने उभी कारकीर्द घालवली, आणि तीसुद्धा आपल्याच कोकण किनाऱ्यावर, हे आपल्या हॉस्टेलवर किती जणांना ठाऊक असेल? म्हणून हा लेखप्रपंच.

त्यांचं नाव नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस. जन्म 1859 सालचा. एडिंबरा विद्यापीठात शिकून आल्यावर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात फिजिक्स शिकवू लागले. 1896 साली कुलाब्याच्या वेधशाळेचे संचालक झाले. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली उभारलेली, आणि तिथल्या संचालकाच्या खुर्चीत बसणारे मूस हे पहिले भारतीय.

आता वेधशाळेत स्प्रिंग कुठून आली? स्प्रिंग नव्हती, पण तिचा चुलतभाऊ होता. दोऱ्याला आडवा टांगलेला चुंबक थोडा वळवून सोडला की तो डावीकडे-उजवीकडे हेलकावे घेतो. स्प्रिंग वजनाला मागे ओढते, इथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चुंबकाला पुन्हा उत्तर-दक्षिण रेषेत ओढतं. म्हणजे एमच्या जागी मोमेंट ऑफ इनर्शिया आणि केच्या जागी चुंबकाची ताकद गुणिले पृथ्वीचं क्षेत्र. क्षेत्र वाढलं की स्प्रिंग कडक झाल्यासारखा पिरियड कमी होतो. मग दुसऱ्या प्रयोगात त्याच चुंबकाने दुसरी सुई किती वळते ते बघायचं, की चुंबकाची ताकद आणि पृथ्वीचं क्षेत्र दोन्ही वेगळी काढता येतात. ही युक्ती 1832 साली गॉसने शोधली.

किती बारीक काम आहे ते जरा हिशेब करून बघू. आपल्या किनाऱ्यावर आडवं क्षेत्र सुमारे 38 हजार नॅनोटेस्ला. चुंबकीय वादळात ते 100 ने घसरलं असं धरा. समजा चुंबकाचा पिरियड 10 सेकंद आहे, तर तो वाढेल फक्त 0.013 सेकंदाने. एका हेलकाव्यात काय कळणार, कपाळ! पण 100 हेलकावे मोजले तर फरक 1.3 सेकंदांचा. लॅबमध्ये सर एकाऐवजी वीस हेलकावे का मोजायला लावतात, याचं उत्तर मला या आकडेमोडीत मिळालं.

कुलाब्यात 1846 पासून या क्षेत्राच्या सलग नोंदी होत होत्या. आणि मूस यांच्याच कारकिर्दीत मुंबईने नवं रूप घ्यायचं ठरवलं. 1874 पासून घोड्यांनी ओढलेल्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार होत्या. ट्रामचा करंट रुळांतून परत जाताना थोडा जमिनीत झिरपतो. त्याचं क्षेत्र कुलाब्याच्या नाजूक चुंबकांना नाचवणार हे उघड होतं. मुंबईला ट्राम हवी होती, शास्त्राला शांतता. दोन्ही मागण्या रास्तच की!

मूस यांनी जागा निवडली अलिबागची. रत्नागिरीहून मुंबईला जाताना वडखळ नाक्यावरून डावीकडे जो रस्ता फुटतो, तो तिथेच जातो. 1904 साली तिथे वेधशाळा उभी राहिली. दगड पोरबंदरचा, चुंबकावर परिणाम न करणारा, निवडून घेतलेला. लोखंडाला मज्जाव. जोडकामाला तांबं-पितळ.

पण मला सर्वात मोलाचं वाटतं ते पुढचं. उपकरणं उचलून थेट अलिबागला मांडली असती तर? प्रत्येक जागेचं क्षेत्र थोडं वेगळं असतं. नोंदींमध्ये एक पायरी पडली असती, आणि ती निसर्गाची की जागाबदलाची, हे कुणालाच सांगता आलं नसतं. आपण प्रयोगाच्या मध्येच स्प्रिंग बदलली तर जसं होईल तसं. अशा वेळी एकच वजन दोन्ही स्प्रिंगना लावून बघावं लागतं. मूस यांच्या वेधशाळेने तेच केलं. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी झाल्या. फरक कळला, जुनी मालिका नवीला बिनधोक जोडली गेली. कुलाब्यातली चुंबकीय मोजणी 1906 साली थांबली आणि 7 मे 1907 ला मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली.

नंतर मूस यांनी 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास दोन जाडजूड खंडांत 1910 साली प्रसिद्ध केला. कॅल्क्युलेटर नाही, कॉम्प्युटर नाही! अनेक वादळांची सरासरी काढून त्यांनी दाखवलं की वादळात क्षेत्र आधी घसरतं आणि मग हळूहळू सावरतं. 1936 साली ते गेले.

या सगळ्याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. मूस जन्मले त्याच 1859 च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून एक प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळलं होतं. कुलाब्यातल्या निरीक्षकांनी क्षेत्र सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने कोसळल्याचं टिपून ठेवलं. 2003 साली शास्त्रज्ञांनी तीच नोंद काढून त्या वादळाची ताकद मोजली, कारण असं वादळ पुन्हा आलं तर उपग्रह आणि वीजवाहिन्यांचं काय होईल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं तर आपण वजन पुन्हा ओढून सोडतो. 1904 मधल्या एखाद्या दुपारचं रीडिंग मात्र कुणालाच पुन्हा घेता येणार नाही. ज्यांना हे कळलं होतं त्यांनी दोन वर्षं दोन वेधशाळा चालवल्या. अलिबागची वेधशाळा अजून सुरू आहे.