विश्लेषण : दुकानातील पुतळ्याला ‘माणूस’ करणारे लेस्टर गाबा कोण होते?

कपड्यांच्या दुकानातील बिनडोक्याचे, गुळगुळीत पांढरे पुतळे आता सवयीचे झाले आहेत. मात्र गेल्या काही वर्षांत फॅशनविश्वात डोळे, ओठ, केस आणि स्वतःची अशी ढब असलेल्या मॅनेक्विनची पुन्हा चर्चा आहे. या वास्तवदर्शी पुतळ्यांचा विषय निघाला की अमेरिकी शिल्पकार लेस्टर गाबा यांचे नाव टाळता येत नाही. नव्वद वर्षांपूर्वी त्यांच्या एका पुतळ्याने न्यूयॉर्कला अक्षरशः वेड लावले होते.

साबणापासून सुरुवात

गाबा यांचा जन्म १९०७ चा, मिसूरी राज्यातील हॅनिबल या गावचा. लेखक मार्क ट्वेन यांचे बालपण गेले तेच हे गाव. गाबा यांचे पहिले माध्यम होते साबण. अंघोळीच्या साबणाच्या वड्या कोरून ते लहान लहान आकृत्या घडवत. त्या काळी अमेरिकेत साबणावरील कोरीवकाम हा घरोघरचा छंद झाला होता आणि साबण कंपन्याही त्याला खतपाणी घालत होत्या. गाबा यांच्या आकृत्या जाहिरातींत झळकू लागल्या. १९३५ मध्ये त्यांनी या कलेवर ‘ऑन सोप स्कल्प्चर’ हे पुस्तकही लिहिले. साबण मऊ असतो, पण चुकीला माफी देत नाही, एकदा निघालेला तुकडा परत चिकटत नाही. चेहऱ्यावरील बारकावे टिपण्याची त्यांची नजर बहुधा इथेच तयार झाली असावी.

तेव्हाचे पुतळे कसे होते?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या बड्या दुकानांत मेणाचे पुतळे असत. काचेचे डोळे, खरे केस, काहींना तर दातही. दिसायला देखणे, पण सांभाळायला महाकठीण. तोल राहावा म्हणून त्यांचे पाय लोखंडाचे असत आणि काही पुतळ्यांचे वजन शंभर किलोंच्याही वर जाई. शोविंडोतील दिव्यांची उष्णता आणि उन्हाळा यांमुळे मेण मऊ पडे आणि गालाचा आकार बिघडे. १९२५ च्या पॅरिसमधील प्रदर्शनानंतर याउलट लाट आली. चेहरा जेमतेम सुचवणारे, सोनेरी-चंदेरी रंगाचे अमूर्त पुतळे लोकप्रिय झाले. ते वितळत नसत, पण ओळखीचेही वाटत नसत.

गाबा यांनी मधली वाट काढली. प्लास्टरचे, पण जिवंत माणसावरून बेतलेले पुतळे. न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू वर्तुळातील तरुणींवरून घडवलेले त्यांचे पुतळे ‘गाबा गर्ल्स’ म्हणून ओळखले जाऊ लागले. महामंदीचा काळ होता, खिसे रिकामे होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला क्षणभर काचेपाशी थांबवणे हीच दुकानांची मोठी गरज होती.

सिंथिया इतकी गाजली कशी?

‘सॅक्स फिफ्थ अव्हेन्यू’ या दुकानासाठी गाबा यांनी घडवलेल्या पुतळ्याचे नाव सिंथिया. वजन सुमारे १०० पौंड, म्हणजे ४५ किलो. तिचे वेगळेपण तिच्या उणिवांत होते. चेहऱ्यावर वांगासारखे बारीक ठिपके, पावले किंचित आत वळलेली आणि दोन्ही पावलांचे माप वेगवेगळे. निर्दोष सौंदर्य विकणाऱ्या धंद्यात हे धाडसच होते.

गाबा तिला घेऊन शहरात फिरू लागले. नाइट क्लब, ऑपेरा, मेजवान्या, सगळीकडे सिंथिया त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. टिफनी आणि कार्टिए यांच्याकडून दागिने येत, नामवंत डिझायनर कपडे पाठवत. ती बोलत का नाही, असे कोणी विचारले तर तिचा घसा बसला आहे, असे सांगितले जाई. १९३७ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने आल्फ्रेड आयझेनश्टाट यांनी टिपलेली तिची छायाचित्रे छापली आणि ती देशभर पोहोचली. पुढे ती हॉलीवूडच्या चित्रपटातही दिसली. सुरुवातीला ही थट्टा होती, थोडी जाहिरातबाजीही. पण उच्चभ्रू समाजाने एका मुक्या पुतळ्याला इतक्या सहजपणे आपल्यात सामावून घेतले, यात त्या समाजावरचे भाष्य आपोआपच झाले. किंमत मात्र गाबा यांनी मोजली. लोक सिंथियाला ओळखत, तिला घडवणारा तिचा सोबती ठरला होता.

अखेर एका ब्युटी सलूनमध्ये खुर्चीवरून घसरून सिंथिया पडली आणि तिचे तुकडे झाले. गाबा यांनी तिला पुन्हा उभे करण्याचा, पुढे टीव्हीच्या जमान्यात आणण्याचाही प्रयत्न केला. पहिली जादू काही परतली नाही.

त्यानंतर गाबा यांनी काय केले?

काम थांबले नाही. ‘विमेन्स वेअर डेली’ या व्यापारी दैनिकात त्यांनी शोविंडोच्या सजावटीवर अनेक वर्षे स्तंभ लिहिला. १९५२ मध्ये ‘द आर्ट ऑफ विंडो डिस्प्ले’ हे पुस्तक आले. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

हा वारसा पुढे कोणी नेला?

लंडनमध्ये, दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या अॅडेल रूटस्टीन यांनी. दुकानांच्या काचा सजवण्यापासून सुरुवात केलेल्या रूटस्टीन यांनी साठच्या दशकात थेट त्या काळच्या मॉडेल्सचे पुतळे बनवले. त्यांत किडकिडीत ट्विगी होती, कृष्णवर्णीय डॉनियेल लूना होती. गोऱ्या चेहऱ्यांनी भरलेल्या शोविंडोत लूनाचा पुतळा उभा राहणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. १९९१ मध्ये रूटस्टीन यांची कंपनी जपानी उद्योगाकडे गेली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

नव्वदच्या दशकात पुन्हा बिनचेहऱ्याच्या पुतळ्यांचे दिवस आले. कारण साधे होते : विग आणि मेकअपचा खर्च नाही, रंग उडण्याची भीती नाही. आता ऑनलाइन खरेदीच्या काळात ग्राहकाला दुकानापर्यंत आणण्यासाठी काही ब्रँड चेहऱ्याकडे वळत आहेत. मॉडेलला शिल्पकारासमोर तासन्‌तास उभे राहावे लागत असे, ते काम आता अनेकदा थ्रीडी स्कॅनर काही मिनिटांत उरकतो. पापण्या चिकटवणे आणि ओठ रंगवणे मात्र बहुतांशी अजूनही हातानेच होते.