एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो

एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो (५ ऑक्टोबर, इ.स. १८४८, न्यू यॉर्क – १५ नोव्हेंबर, इ.स. १९१५, सॅरानॅक लेक) हे अमेरिकन डॉक्टर व क्षयरोग संशोधक होते. विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार यांचा क्षयरुग्णांच्या प्रकृतीवर होणारा परिणाम त्यांनी प्रयोगाद्वारे तपासला.

सुरुवातीचे जीवन

तरुणपणी ट्रूडो यांनी क्षयाने आजारी असलेल्या थोरल्या भावाची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. त्या काळच्या समजुतीनुसार रुग्णाच्या खोलीच्या खिडक्या बंद ठेवल्या जात. इ.स. १८७१ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. इ.स. १८७३ मध्ये त्यांनाही क्षय झाल्याचे निदान झाले. उरलेले दिवस आवडत्या अरण्यात घालवावेत म्हणून ते न्यू यॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतात गेले. तेथे त्यांची प्रकृती अनपेक्षितपणे सुधारली. इ.स. १८७६ पासून ते सॅरानॅक लेक येथे स्थायिक झाले.

सशांवरील प्रयोग

इ.स. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. जंतू हेच रोगाचे कारण असेल, तर परिस्थितीचा प्रभाव किती, हे पाहण्यासाठी ट्रूडो यांनी सशांचे पाच-पाचचे तीन गट केले. पहिल्या गटाला जंतू टोचून अंधाऱ्या, कोंदट जागेत ठेवले. त्यांतील चार ससे तीन महिन्यांत मेले. दुसऱ्या गटाला जंतू न टोचता तशाच वाईट स्थितीत व अपुऱ्या आहारावर ठेवले. ते रोडावले, पण त्यांना क्षय झाला नाही. तिसऱ्या गटाला जंतू टोचून एका बेटावर मोकळे सोडले व भरपूर खाद्य दिले. त्यांतील चार वाचले. वाईट परिस्थिती रोग निर्माण करत नाही, मात्र रोगाशी झुंजण्याची शरीराची शक्ती कमी करते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आरोग्यधाम

जर्मन डॉक्टर हर्मान ब्रेमर यांच्या कार्यापासून प्रेरणा घेऊन ट्रूडो यांनी सॅरानॅक लेक येथे आरोग्यधाम स्थापन केले. इ.स. १८८५ मध्ये तेथील पहिल्या छोट्या कुटीत रुग्ण दाखल झाले. रुग्णांकडून खर्चापेक्षा कमी शुल्क घेतले जाई आणि ट्रूडो स्वतः वेतन घेत नसत. प्राथमिक अवस्थेतील रुग्णांना प्राधान्य मिळे, कारण रोग बळावल्यावर बरे होण्याची शक्यता घटते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. इ.स. १८९३ मध्ये त्यांची मुलगी क्षयानेच दगावली. पुढच्याच वर्षी त्यांनी क्षयसंशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली.

नंतरचे मूल्यमापन

इ.स. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला व औषधोपचाराचे युग सुरू झाले. ट्रूडो यांचे आरोग्यधाम इ.स. १९५४ मध्ये बंद झाले. इ.स. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मद्रास येथील अभ्यासात, औषधे नियमित घेतल्यास दाटीवाटीच्या घरात राहणारे गरीब रुग्णही आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, असे दिसून आले. त्यामुळे सक्तीची विश्रांती व हवापालट मागे पडले. आहाराचे महत्त्व मात्र टिकून आहे : झारखंडमधील रुग्णांच्या इ.स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका कमी आढळला.