सायक्लोन हा शब्द देणारा हेन्री पिडिंग्टन, आणि वर्ध्यापर्यंत येणारं बिननावाचं वादळ

डिसेंबर २०१६. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर होतो. ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईकडे निघाल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि मित्र मला विचारायला लागले, तुझ्या जिल्ह्याचं नाव वादळाला का दिलंय म्हणून. खरं तर ते नाव पाकिस्तानने सुचवलेलं होतं आणि त्याचा अर्थ गुलाब. १२ डिसेंबरला ते चेन्नईजवळ जमिनीवर आलं. आमच्या वर्ध्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

जे वादळ खरंच वर्धा नदीवर आलं, त्याला नावच नव्हतं. जुलै १९९१ च्या शेवटी बंगालच्या उपसागरातलं एक डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या खालच्या पायरीवरचं कमी दाबाचं क्षेत्र, ओडिशातून आत सरकलं. ३० जुलैला वर्धा नदीला पूर आला आणि नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातलं, नदीकाठचं मोवाड गाव त्यात वाहून गेलं. २०० हून जास्त माणसं गेली. आमच्याकडची मोठी माणसं पाऊस वाढला की अजूनही मोवाडचं नाव काढतात.

बंगालचा उपसागर वर्ध्यापासून सरळ रेषेत शेकडो किलोमीटर लांब आहे. मग हे इथपर्यंत येतं कसं? ते समजून घ्यायला, ज्या माणसाने सायक्लोन हा शब्द जगाला दिला, त्याच्यापासून सुरुवात करू.

जहाजावरून म्युझियममध्ये

हेन्री पिडिंग्टनचा जन्म १७९७ चा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. तरुणपणी तो व्यापारी जहाजांवर होता आणि कॅप्टनपदापर्यंत पोहोचला. पुढे समुद्र सोडून तो कलकत्त्यात स्थायिक झाला. तिथे त्याने जे काही केलं ते वाचून दम लागतो. भारतातल्या वनस्पतींच्या नावांची सूची छापली. कापूस, तंबाखू, ऊस, चहा यांना कोणती माती मानवते यावर लिहिलं. आर्थिक भूशास्त्राच्या म्युझियमचा तो क्युरेटर झाला आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या मरीन कोर्टाचा अध्यक्षही.

वादळांकडे तो वळला १८३९ साली. अमेरिकेत विल्यम रेडफिल्डने त्याच्या आधीच एक गोष्ट पकडली होती. १८२१ च्या वादळानंतर कनेक्टिकटमध्ये फिरताना त्याला दिसलं की एका भागात झाडं एका दिशेला पडलीत आणि थोड्या अंतरावर बरोबर उलट्या दिशेला. म्हणजे वारा सरळ वाहत नव्हता, गोल फिरत होता. ब्रिटिश लष्करातला इंजिनीअर विल्यम रीड याने त्यावर आणखी काम करून १८३८ मध्ये पुस्तक काढलं. ते पिडिंग्टनच्या हातात पडलं, आणि जून १८३९ मध्ये बंगालच्या उपसागरात एक मोठं वादळ झालं. रीडचं म्हणणं तपासून बघायची संधी आयती चालून आली होती.

लॉगबुक हाच डेटा

आज आपल्याकडे सॅटेलाइट आणि रडार आहेत. पिडिंग्टनकडे होती जहाजांची लॉगबुकं. प्रत्येक जहाजावर ठरावीक वेळाने जहाज कुठे आहे, वारा कुठून येतोय, बॅरोमीटर किती उतरलाय हे लिहून ठेवायची पद्धत होती. त्याने कॅप्टनांकडून या नोंदी मागवल्या, एकाच वेळेच्या नोंदी नकाशावर मांडल्या आणि बाण काढले. बाण गोल फिरले की मधे वादळाचा केंद्रबिंदू सापडायचा. असं दिवसागणिक केलं की वादळाचा मार्ग मिळायचा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर कोसळला की वेगवेगळ्या मशिनचे लॉग एका टाइमलाइनवर लावून बघतो. तोच प्रकार हा, फक्त शाई आणि कागदावर.

यातलं एक प्रकरण गाजलं. १८४५ मध्ये चार्ल्स हेडल नावाचं जहाज मॉरिशसजवळ वादळात सापडलं. वाऱ्याच्या पुढे पळत राहिलं तर सुटू, असा त्या वेळचा समज. पण वाराच गोल फिरत होता, त्यामुळे जहाजही वादळाच्या केंद्राभोवती पाच वेळा गरगर फिरलं. पिडिंग्टनने त्याचं लॉगबुक उलगडून हे दाखवलं. वादळ फिरतं याचा याहून चांगला पुरावा कोणता?

पुढच्या वर्षांत त्याने अशा वादळांवर वीसहून जास्त लेख बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. १८४८ च्या पुस्तकात त्याने या फिरत्या वादळांना सायक्लोन हे नाव सुचवलं. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून ते घेतलं होतं. आपलं चक्रीवादळही तेच सांगतं.

खिशात मावणारं मॉडेल

पण मला पिडिंग्टन आवडतो तो त्या शब्दासाठी नाही, त्याच्या कार्डासाठी. या पुस्तकाच्या नावात हॉर्नबुक हा शब्द आहे. त्या काळी मुलांना अक्षरं शिकवायला लाकडी पाटीवर कागद लावून त्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसवायचे, ते हॉर्नबुक. थोडक्यात, त्याने खलाशांसाठी वादळांची अंकलिपी काढली. आणि पुस्तकाबरोबर खरोखरच शिंगाची पारदर्शक कार्डं दिली, एक उत्तर गोलार्धाचं, एक दक्षिणेचं, वाऱ्याचे गोल बाण छापलेली.

वापर सोपा होता. नकाशावर आपलं जहाज जिथे आहे तिथे कार्ड ठेवायचं. आत्ता ज्या दिशेने वारा येतोय तो बाण आपल्या जागेवर येईल असं सरकवायचं. कार्डाचा मध्य जिथे येईल त्या दिशेला वादळाचं केंद्र. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर केंद्र साधारण डाव्या हाताला असतं, तेच तत्त्व. वादळाला ताकद कुठून मिळते हे पिडिंग्टनला नीट सांगता आलं नाही. पण डेकवर उभ्या माणसाला त्या क्षणी लागणारं उत्तर त्याने खिशात मावेल असं करून दिलं.

न ऐकलेला इशारा

१८५० च्या दशकात कलकत्त्याला पर्याय म्हणून मातला नदीवर नवं बंदर बांधायचं ठरत होतं. वादळाबरोबर समुद्राचं पाणी भिंतीसारखं आत घुसतं हे पिडिंग्टनने जुन्या नोंदींमधून पाहिलं होतं. १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला उघड पत्र लिहून सांगितलं की इथे एक दिवस सगळं पाण्याखाली जाईल. बंदराचं काम थांबलं नाही.

पिडिंग्टन १८५८ मध्ये कलकत्त्यात वारला. १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्ता आणि आसपास हजारो माणसं मारली. १८६७ मध्ये आणखी एक वादळ आलं आणि पोर्ट कॅनिंग नावाचं ते नवं बंदर मोडलं, काही वर्षांत ते सोडून द्यावं लागलं. १८६४ चं वादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांच्या धक्क्यातून १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं उभं राहिलं.

किनारा ओलांडल्यावर

पिडिंग्टनचं कार्ड किनाऱ्यापर्यंतच. तिथून पुढची गोष्ट आपली आहे.

वादळाचं इंधन म्हणजे गरम समुद्रावरची वाफ. जमिनीवर आलं की ती तुटते, खालून घर्षण लागतं, वारा पडतो. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या खाली गेला की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणत नाही. ३१ ते ६१ च्या मधे ते डिप्रेशन किंवा डीप डिप्रेशन. पावसाळ्यातली बहुतेक वादळी क्षेत्रं या पायरीच्या वर चढतच नाहीत, म्हणून त्यांना नाव मिळत नाही आणि टीव्हीवर जागाही मिळत नाही.

पण वारा पडला म्हणजे धोका संपला असं नाही, धोक्याचा प्रकार बदलतो. पाण्याने भरलेली हवा तशीच फिरत छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे सरकते, आणि पावसाळी डिप्रेशनमध्ये सगळ्यात जोरदार पाऊस बहुधा त्याच्या नैर्ऋत्य भागात पडतो. केंद्र मध्य प्रदेशावर असलं की त्या नैर्ऋत्येला कोण येतं? विदर्भ.

शिवाय वर्धा नदी उगम पावते मध्य प्रदेशात, मुलताईजवळ. तिथे पडलेलं पाणी खाली आपल्याकडेच येतं. म्हणजे आर्वी, पुलगावला ऊन पडलेलं असलं तरी नदी चढू शकते.

म्हणून उपसागरात डिप्रेशन झालं असं कळलं की नाव आहे का ते शोधत बसू नका. केंद्र आपल्या उत्तरेकडून जाणार आहे का, ते नकाशावर बघा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय इशारा बघा, ऑरेंज किंवा रेड असेल तर नदीकाठची मोटार, जनावरं, कापूस-सोयाबीनचं खत आधीच वर हलवा. धरणातून पाणी सोडल्याची सूचना आली तर ती रात्रीचीही मनावर घ्या. पुलावरून पाणी वाहत असेल तर बाइक घालू नका. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा आणि ढग गडगडायला लागले की झाडाखाली थांबू नका.

पिडिंग्टनकडे नोंदी यायच्या त्या वादळ होऊन गेल्यावर, जहाजं बंदरात परतली की. आपल्याला डिप्रेशन किनारा ओलांडून इकडे पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा दीड-दोन दिवस मिळतात, आणि त्याचं कार्ड आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. मोवाडला १९९१ मध्ये ते नव्हतं.