डॉ. फ्रेडरिक बँटिंग : इन्सुलिनचा शोध लावणारे शेतकऱ्याचे पुत्र



१४ नोव्हेंबरला आपण शाळेत बालदिन साजरा करतो. त्याच दिवशी जागतिक मधुमेह दिनही असतो, कारण तो डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. परिपाठात सांगायला ही माहिती उपयोगी पडेल.

बँटिंग यांचा जन्म १८९१ साली कॅनडातल्या ॲलिस्टन गावाजवळ शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते धाकटे. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी नापास झाले! पुढे डॉक्टर झाले, पहिल्या महायुद्धात जखमी झाले. परत येऊन लंडनला (हे लंडन कॅनडातलं बरं का) दवाखाना टाकला, तर पहिल्या महिन्याची कमाई अवघी चार डॉलर.

त्या काळी मधुमेह झालेल्या मुलाला जवळजवळ उपाशी ठेवणं हाच उपचार होता. त्याने थोडे दिवस वाढायचे, एवढंच. मे १९२१ मध्ये टोरांटो विद्यापीठात प्रा. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट हा तरुण विद्यार्थी कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढू लागले. ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क अशुद्ध होता, सुईच्या जागी गळू झालं. मग कॉलिप या रसायनतज्ज्ञाने तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा दिल्यावर साखर उतरली.

इथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं. खरी परीक्षा मात्र पुढेच होती. जास्त प्रमाणात बनवायला गेल्यावर कॉलिपना तो अर्क पुन्हा जमेना. काही महिने औषधच नाही, आणि दारात आजारी मुलं! जे तयार होई, त्यातली एक बाटली कडक, दुसरी कमजोर. काही तर ठेवल्या ठेवल्या शक्ती गमावत. डोस कमी पडला तर साखर वाढणार, जास्त झाला तर मूल घामाघूम होऊन बेशुद्ध पडणार. १९२२ च्या अखेरीस एली लिली कंपनीच्या जॉर्ज वॉल्डन यांनी आम्लता नेमकी राखून इन्सुलिन वेगळं काढलं. ते जास्त शुद्ध आणि टिकाऊ निघालं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी बँटिंग यांच्याकडे आली. वय १५ च्या आसपास, वजन जेमतेम २० किलो. ती पुढे १९८१ पर्यंत जगली.

पेटंटचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला दिले गेले. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळालं. बँटिंग यांनी आपली निम्मी रक्कम बेस्टला दिली. मला हे नोबेलपेक्षा मोठं वाटतं. २१ फेब्रुवारी १९४१ रोजी न्यूफाउंडलंडमध्ये विमान अपघातात ते गेले, ४९ व्या वर्षी.

आजची बाटली भरवशाची आहे, पण घरी नीट ठेवली तरच. न उघडलेली २ ते ८ अंशांत, फ्रीजमध्ये ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. वापरात घेतलेली बहुतेक इन्सुलिनं साधारण २८ दिवस बाहेर चालतात, पण २५-३० अंशांच्या वर नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे कसं जमायचं? फ्रीज नसेल तिथे बाटली कोरड्या डबीत घालून ओल्या वाळूच्या मडक्यात, सावलीत ठेवतात. शक्ती गेलेलं इन्सुलिन दिसायला चांगलंही असू शकतं, म्हणून साखर विनाकारण वाढली तर बाटलीवरही संशय घ्यावा आणि डॉक्टरांना विचारावं. वर्गात असं मूल असेल तर त्याचं दप्तर खिडकीतल्या उन्हात राहू देऊ नका.