शोपांचा एका पानाचा प्रील्युड, जो त्याच्याच अंत्यविधीत वाजला

३० ऑक्टोबर १८४९. पॅरिसचं मादलेन चर्च गच्च भरलं होतं. अंत्यविधी होता पियानोचा बादशहा फ्रेडरिक शोपां याचा. वय अवघं ३९. चर्चच्या ऑर्गनवर एक छोटीशी सुरावट सुरू झाली. ती त्यानेच रचलेली होती, ई मायनरमधला प्रील्युड, ओपस २८ मधला चौथा.

शोपां मूळचा पोलंडचा. १८३० मध्ये विशीत त्याने वॉर्सा सोडलं आणि महिन्याभरातच तिथं रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला. पुढे तो चिरडला गेला. शोपां पॅरिसला पोहोचला तो मायदेशी परत गेलाच नाही.

१८३८ च्या हिवाळ्यात तब्येत सुधारेल म्हणून तो लेखिका जॉर्ज सां (नाव पुरुषाचं, पण बाई) आणि तिच्या दोन मुलांसोबत स्पेनच्या मायोर्का बेटावर गेला. झालं उलटंच. पावसाने खोकला वाढला. क्षयाच्या धास्तीने घरमालकाने घर खाली करायला लावलं. शेवटी वाल्देमोसाच्या रिकाम्या मठात बिऱ्हाड मांडावं लागलं. त्यात पॅरिसहून येणारा प्लेएलचा पियानो कस्टममध्ये अडकला. तोवर तिथल्याच एका साध्या पियानोवर काम भागवलं.

प्लेएलशी २४ प्रील्युड्सचा २,००० फ्रँकला सौदा झाला होता. बरेचसे आधीच तयार होते, उरलेले इथं पूर्ण झाले. चौथा याच हिवाळ्यातला मानला जातो. २४ का? तर १२ मेजर आणि १२ मायनर, प्रत्येक स्केलसाठी एक. बाखने हे आधी केलं होतं आणि त्याची स्वरलिपी शोपांने सोबत नेली होती. प्रील्युड म्हणजे खरं तर मुख्य रचनेआधीची प्रस्तावना. शोपांने नुसत्या प्रस्तावनाच लिहिल्या, पुढचं पुस्तक लिहिलंच नाही.

चौथा प्रील्युड जेमतेम २५ मात्राखंडांचा, म्हणजे एक पान. उजवा हात सुरुवातीला बहुतेक शेजारशेजारच्या दोनच स्वरांवर रेंगाळतो. खरी गंमत डाव्या हातात आहे. तो संथपणे तीन-तीन स्वर एकत्र वाजवत राहतो आणि त्यातला कधी हा, कधी तो स्वर खाली सरकतो, बहुतेक वेळा अगदी लागूनच्या पट्टीवर. वरची चाल जवळपास तीच, पण पायाखालची जमीन खचत जाते. मध्येच एकदा आवाज उसळतो, मग विझतो. शेवटाकडे एक पूर्ण शांतता आणि नंतर हळू आवाजात तीन स्वरसमूह. संपलं.

बोटांसाठी फार अवघड नाही, त्यामुळे पियानो शिकणारी पोरंही वाजवतात. अवघड आहे ती संथ लय सांभाळणं.

अंत्यविधीनंतर शोपांला पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत पुरण्यात आलं. हृदय मात्र त्याच्या इच्छेप्रमाणे बहीण लुडविका पोलंडला घेऊन गेली. ते आजही वॉर्साच्या होली क्रॉस चर्चमधल्या एका खांबात आहे.