बुद्धिबळाचे नियम लिहिणारा पैठणचा भट्ट, ज्याच्या शब्दावर मुंबईत बहिणींना वारसा मिळाला

ऑनलाइन बुद्धिबळात भांडायची सोय फारशी राहिलेली नाही. राजा शहात नाही, पण हलायला घरही नाही, अशी वेळ आली की स्क्रीनवर 'ड्रॉ' झळकतं आणि विषय संपतो. आपल्या आजोबांच्या पिढीत मात्र याच एका स्थितीवरून पट उधळले जायचे. कारण देशी खेळात किल्लेकोट नव्हता. राजाला शह बसायच्या आधी एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची. समोरच्याची अशी कोंडी केली, तर बऱ्याच ठिकाणी ती खेळी मागे घ्यावी लागायची. इंग्लंडमध्ये तर सतराव्या-अठराव्या शतकात कोंडी करणाराच हरला असं मानत.

मग नियम नक्की कुठले? संस्कृतात हे व्यवस्थित लिहून ठेवणाऱ्यांमध्ये एक नाव येतं, नीलकंठ भट्ट. आणि हा माणूस मुळात खेळाडू म्हणून नाही, तर कायदेपंडित म्हणून ओळखला जातो.

नीलकंठ काशीचे, पण घराणं आपल्या पैठणचं. त्यांचे पणजोबा रामेश्वर भट्ट पैठण सोडून काशीला गेले. आजोबा नारायण भट्ट एवढे मोठे विद्वान होते, की काशी विश्वनाथाच्या मंदिराच्या पुनर्बांधणीशी त्यांचं नाव जोडलं जातं. वडील शंकर भट्ट मीमांसेतले जाणकार. 'निर्णयसिंधु' लिहिणारे कमलाकर भट्ट हे नीलकंठांचे चुलत भाऊ. 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे त्यांचे चुलत पुतणे. म्हणजे एका घरात किती ग्रंथकार असावेत, याला काही मर्यादाच नव्हती!

यमुना आणि चंबळच्या संगमाजवळ भरेह इथे सेंगर राजपुतांचं राज्य होतं. तिथला राजा भगवंतदेव नीलकंठांचा आश्रयदाता. त्याच्या नावाने त्यांनी 'भगवंतभास्कर' हा मोठा ग्रंथ रचला. भास्कर म्हणजे सूर्य, म्हणून त्याचे बारा भाग म्हणजे बारा 'मयूख', किरणं. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या मते नीलकंठांचं लेखन साधारण 1610 ते 1645 या काळातलं.

यातल्या 'नीतिमयूख' या राजनीतीच्या भागात बुद्धिबळ येतं. 64 घरांचा पट आणि सोंगट्यांची मांडणी त्यात दिली आहे. कोण कसं चालतं, तेही आहे. शिवाय घोडा प्रत्येक घरात एकदाच जाईल असा पटभर फिरवायचं कोडंही सोडवून दाखवलंय. युरोपात याच कोड्यावर गणितज्ञ ऑयलरने 1759 मध्ये निबंध लिहिला. नीतिमयूखातला हा भाग जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी 1870च्या दशकात युरोपसमोर आणला. मरे यांच्या 1913च्या बुद्धिबळाच्या इतिहासातही त्याला जागा मिळाली.

पण नीलकंठांचा खरा दरारा 'व्यवहारमयूख'मुळे. व्यवहार म्हणजे इथे कोर्टकचेरी. इंग्रजांची न्यायालयं आली तेव्हा हिंदूंचे वारसाहक्क कुठल्या ग्रंथावरून ठरवायचे, हा प्रश्न होता. बहुतेक महाराष्ट्रात 'मिताक्षरा' प्रमाण मानली गेली. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मात्र दोन्हींत फरक पडला, तर मयूखाचा शब्द शेवटचा. पनवेल याच उत्तर कोकणात येतं. मुलगा बायकामुलांशिवाय वारला, तर मिताक्षरेप्रमाणे आधी आई वारस, मयूखाप्रमाणे आधी बाप. एकाच कुटुंबाचा निकाल पत्ता बदलला की बदलायचा.

बहिणीचा मुद्दा तर आणखी मोठा. भाऊ जवळच्या वारसांशिवाय गेला की मालमत्ता चुलत्या-पुतण्यांकडे जायची. लग्न होऊन बहीण दुसऱ्या गोत्रात गेली, म्हणून ती बाद. नीलकंठांनी हे मानलं नाही. बहीण जन्मली ती भावाच्याच गोत्रात, म्हणून ती गोत्रजच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तिला आजीच्या लगेच नंतर जागा दिली. पटो न पटो, शब्दाचा अर्थ असा ताणून धरायला धाडस लागतं. वडिलांची मतं खोडायलाही ते कचरले नाहीत. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हा अर्थ उचलून धरला. देशाच्या बऱ्याच भागांत बहिणीला वारस म्हणून जागा मिळायला 1929चा कायदा यावा लागला. तो येईपर्यंत मयूखाच्या मुलखातल्या कितीतरी बहिणी भाऊबंदांना मागे सारून वारस ठरत होत्या.

1827 मध्ये सुरतेत बोराडेल यांनी व्यवहारमयूखाचं इंग्रजी भाषांतर छापलं. 1880 मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिकांनी पुन्हा केलं आणि 1926 मध्ये काण्यांनी मूळ संस्कृत ग्रंथ संपादित केला. काशीत बसून लिहिणाऱ्या या माणसाला आपलं पुस्तक कोकणातल्या खटल्यांत उघडलं जाईल याची कल्पना असण्याचं कारणच नव्हतं.

1956चा हिंदू वारसा कायदा आला आणि मयूखाचा अंमल संपला. पण तो कायदा मागे जाऊन लागू होत नाही. 1956च्या आधी वारलेल्या पणजोबांच्या जमिनीचा वाद आज निघाला, तर वारस त्या काळच्या नियमांनीच ठरतात. आणि पनवेलच्या आसपास तर विमानतळ आल्यापासून प्रत्येक गुंठ्याचे वारस शोधले जातायत.